बीडच्या वेशीपासून प्रॉक्सी सर्व्हरच्या दारापर्यंत

१/ बीड शहरात कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे आजही टिकून आहेत. तटबंदीच्या शहरात वेस म्हणजे नुसती कमान नसे. आत कोण येतो, कोणाच्या ओळखीने येतो, याची चौकशी तेथेच होई. इंटरनेटलाही अशा वेशीची गरज लवकरच भासली.

२/ १९९० च्या दशकारंभी अनेक संस्थांनी आपली अंतर्गत जाळी फायरवॉलआड बंदिस्त केली. परके बाहेर राहिले. परंतु आतल्यांनाही वेब दिसेना. १९९४ साली जिनिव्हा येथील पहिल्या जागतिक वेब परिषदेत सर्नचे आरी लुओटोनेन व इंटेलचे केविन ऑल्टिस यांनी उपाय मांडला : वेब प्रॉक्सी. आपल्याकडील मुतालिक जसा वतनदाराच्या वतीने कारभार पाही, तसा हा सर्व्हर आतल्याच्या वतीने बाहेरचे पान मागवतो.

३/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. जोडणी मंद आणि महाग होती. एकदा आणलेल्या पानाची प्रत जपून ती पुढच्याला देणारा प्रॉक्सी अशा काळात मोलाचा ठरला.

४/ १९९६ साली हार्वेस्ट प्रकल्पातून डुएन वेसल्स यांचा ‘स्क्विड’ जन्मला. त्याचे नियम वरून खाली वाचले जातात. जो प्रथम लागू पडतो, तोच निर्णायक. एकही लागू न पडल्यास शेवटच्या नियमाच्या उलट निर्णय होतो! शेवटी ‘सर्वांना मनाई’ लिहिण्याची प्रथा यातूनच रूढ झाली. ती ओळख न पटलेल्यांना अडवते. परंतु तीच ओळ चुकून सर्वांत वर गेली, तर घरचेच बाहेर राहतात.

५/ ओळख पटवण्यासाठी प्रॉक्सी ४०७ हा संकेत पाठवतो : आधी नाव व परवलीचा शब्द सांगा. ‘बेसिक’ पद्धतीत हा शब्द बेस-६४ लिपीत जातो. ते गुप्तलेखन नव्हे. वाटेत कोणीही उलगडू शकतो. म्हणून १९९७ साली ‘डायजेस्ट’ पद्धत प्रमाणित झाली. तीत मूळ शब्द न पाठवता त्यावरून काढलेला ठसा पाठवला जातो.

६/ कोणी, केव्हा, काय मागितले, याची नोंद प्रॉक्सीकडे राहते. ती दोष शोधण्यास उपयोगी पडते आणि पाळत ठेवण्यासही. म्हणूनच वेशीचे नियम कोण लिहितो आणि तिची नोंदवही कोण वाचतो, हे दोन्ही प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारले पाहिजेत.