जुन्या गाडीच्या रेक्झीनखाली

१५ मार्च १९६१ रोजी जिनिव्हात जॅग्वारची ई-टाइप जगापुढे आली. गाडीत एक फेरी मारायला मिळावी म्हणून एवढी झुंबड उडाली की एक गाडी पुरेना. तेव्हा कंपनीचा चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस याला इंग्लंडमधील कव्हेंट्रीहून दुसरी गाडी घेऊन तातडीने निघण्याचा निरोप गेला. रात्रभर गाडी चालवत तो सकाळी जिनिव्हात हजर झाला. जुन्या मोटारींच्या चाहत्यांना ही कथा तोंडपाठ असते. ज्या सीटवर बसून ड्यूइसने ती रात्र काढली ती सीट कोणी शिवली, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हा थ्रेड त्या सीटचा, दारांच्या आतल्या पॅनेलांचा आणि डॅशबोर्डावरच्या आवरणाचा आहे. साठ वर्षांत हे सारे विटते, तडकते, फाटते, आणि कधीतरी त्यावर नवे आवरण चढवावे लागते. त्या एका दुरुस्तीत गाडीचा कोणता इतिहास टिकतो आणि कोणता केराच्या टोपलीत जातो?

ई-टाइपच्या बाह्यरूपाविषयी विपुल लेखन झाले आहे. तिचा लांबसडक आकार माल्कम सेयर याने बेतला. तो विमाननिर्मितीच्या क्षेत्रातून आला होता. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ साली एक निळी ई-टाइप आपल्या कायमस्वरूपी संग्रहात घेतली. तीही पाहिली जाते ती शिल्पासारखी, बाहेरून.

आत डोकावले की निराळीच दुनिया दिसते. बाहेर पोलाद, आत पुठ्ठा. त्या काळच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या दाराचे आतले पॅनेल म्हणजे दाबलेल्या पुठ्ठ्याचा किंवा हार्डबोर्डाचा गाभा, त्यावर मऊपणासाठी पातळ थर, वर कापडाची पाठ असलेले व्हिनिल, आणि मागे दुमडून चिकटवलेल्या कडा. सीटच्या ज्या भागाला अंग टेकते तिथे अस्सल चामडे आणि जिथे नजर क्वचितच जाते तिथे त्याच रंगाचे व्हिनिल, ही काटकसर महागड्या गाड्यांतही सर्रास चाले. सुरुवातीच्या ई-टाइपमध्ये डॅशबोर्डाच्या मधल्या भागावर नक्षीदार ॲल्युमिनियमचा पत्रा होता. पुढे त्याची जागा काळ्या आवरणाने घेतली.

व्हिनिल म्हणजे मराठी घरांत ज्याला रेक्झीन म्हणतात ते. रिक्षाचे हूड, दवाखान्यातले बाकडे, शाळेचे दप्तर, दुकानदाराच्या खातेवहीची बांधणी, सगळीकडे हा शब्द इतका रुळला आहे की तो कुणा कंपनीचा असेल अशी शंकाही येत नाही. ‘डालडा’चे झाले तेच याचेही झाले. रेक्झीन हे मँचेस्टरजवळच्या हाइड गावी तयार होणाऱ्या कृत्रिम चामड्याचे व्यापारी नाव होते. कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापूरतेल, अल्कोहोल आणि रंग यांच्या मिश्रणाचा लेप द्यायचा आणि त्यावर चामड्यासारखे कण उठवायचे, अशी त्याची कृती होती. सेल्युलोज नायट्रेट हे तोफा-बंदुकांच्या धूररहित दारूतही वापरले जाई आणि जुन्या सिनेमांच्या फिल्मतही. दोन महायुद्धांच्या दरम्यान मोटारीत बसणारा गृहस्थ अशा ज्वालाग्राही आवरणाला टेकून खुशाल सिगारेट ओढत असे!

दुसऱ्या महायुद्धानंतर हा लेप मागे पडला आणि पीव्हीसी आले. ई-टाइप या दुसऱ्या पर्वातली. मराठीने मात्र वस्तू बदलली तरी नाव सोडले नाही.

पीव्हीसी मुळात कडक असते. नळाचे पाइप आठवावेत. त्याला चामड्यासारखी लवचीकता येते ती आत मिसळलेल्या तेलकट रसायनांमुळे. ही रसायने उन्हाने आणि उष्णतेने हळूहळू बाहेर पडत राहतात. बंद उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर धरतो, त्यात त्यांचाही वाटा असतो. रसायन गेले की व्हिनिल आक्रसते, ताठरते आणि सर्वात आधी शिवणीपाशी तडकते. खाली पुठ्ठ्याचे निराळेच दुखणे. पावसाचे पाणी खिडकीच्या काचेवरून दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाच्या छिद्रांतून निघून जाते. ती छिद्रे तुंबली किंवा पॅनेलमागचा पाणीरोधक कागद फाटला की पुठ्ठा फुगतो, वाकतो, आणि पॅनेल दारापासून सुटू लागते. वरून पाहणाऱ्याला वाटते आवरण बिघडले. बिघाड आतला असतो.

चामड्याची गोष्ट त्या मानाने थोडक्यात सांगता येते. लंडनमध्ये १८७८ साली सुरू झालेली कॉनोली ब्रदर्स ही पेढी जॅग्वार आणि रोल्स-रॉइसपासून इटलीच्या फेरारीपर्यंत अनेकांना चामडे पुरवी. २००२ साली तिचा चर्मोद्योग बंद पडला. त्यानंतर जुन्या गाडीला ‘मूळचेच’ चामडे लावण्याच्या गोष्टी कराव्यात तरी कशा?

आता प्रत्यक्ष काम. नवखा माणूस जुने आवरण ओढून काढतो. जाणता कारागीर आधी छायाचित्रे घेतो, मग पिना एकेक करून उचकटतो, आणि शिवण फाडत नाही, उसवतो. कारण उसवलेला तुकडा सपाट पसरला की तोच नव्या आवरणाचा बेत होतो. साठ वर्षांत तो आक्रसलेला असतो हे ध्यानात ठेवून मापे थोडी वाढवावी लागतात. गाभा कुजला असेल तर जुना पुठ्ठा नव्या फळीवर ठेवून बाह्यरेषा आखायची आणि क्लिपांची, हँडलची, काच फिरवण्याच्या दांड्याची भोके जशीच्या तशी उतरवून घ्यायची. एक भोक तसूभर सरकले तरी पॅनेल दारावर बसत नाही.

चिकटवण्याचे काम उतावळ्याचे नाही. चांभाराकडच्या सोल्युशनसारखा गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे, मग मध्यापासून कडांकडे हात फिरवत आवरण बसवायचे, म्हणजे आत हवा कोंडत नाही. बाहेरच्या गोलाईवर कापड जास्त होते, तिथे त्रिकोणी खाचा काढून मागची चुणी मोडायची. आतल्या गोलाईवर ते कमी पडते, तिथे कडेपर्यंत न पोहोचणारे छोटे छेद द्यायचे. अवघड वळणावर गरम हवेने व्हिनिल मऊ करून ताणायचे; उष्णता जास्त झाली तर वरचे कण पुसले जातात आणि तो भाग कायमचा गुळगुळीत दिसतो. पिना फळीच्या जाडीहून आखूड हव्यात. हा शेवटचा नियम विसरलेला माणूस तो पुन्हा कधी विसरत नाही.

हे सारे कौशल्याचे झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरा ठेवा सापडतो तो आवरण उलटल्यावर. मागे दुमडलेल्या पट्टीवर ऊन कधी पडलेले नसते, म्हणून गाडीचा मूळ रंग तिथे जिवंत असतो; वरचा फिकट तपकिरी भाग प्रत्यक्षात गडद लाल होता हे तिथे कळते. पिनांच्या भोकांच्या दोन रांगा दिसल्या तर आवरण याआधीही एकदा बदलले गेले आहे. पुठ्ठ्यावर खडूने किंवा पेन्सिलीने घातलेला आकडा सापडतो, डाव्या-उजव्याची खूण सापडते, कधी चुकून ठोकलेली आणि पुन्हा उपटलेली पिन सापडते. टाक्यांचे अंतर मोजता येते. कुठे टाका वाकडा गेला आणि शिवणाऱ्या हाताने तो पुढे कसा सावरला, तेही दिसते.

कागदोपत्री यातले काहीही नसते. जॅग्वारच्या उत्पादननोंदी जपल्या गेल्या आहेत आणि त्यांवरून मालकाला आपल्या गाडीचे प्रमाणपत्र मिळवता येते. त्यात चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि बाहेरचा रंग असतो. अंतर्भागाच्या वाट्याला येतो तो एक शब्द, रंगाचा. शिवणाऱ्या हाताला त्या दस्तऐवजात जागाच नाही.

अशी जागा का नव्हती, याचे उत्तर शोधायला कव्हेंट्री सोडून लंडनच्या पूर्वेला डॅगनमला जावे लागते. तिथल्या फोर्डच्या कारखान्यात स्पोर्ट्स कार नव्हे, साध्या कौटुंबिक गाड्या बनत. पण सीटची आवरणे शिवण्याचे काम तेच, आणि इतर मोटार कारखान्यांप्रमाणे तिथेही शिवणयंत्रांवर स्त्रियाच बसत. भरतीच्या वेळी त्यांना यंत्रावर काम करून दाखवावे लागे. तरीही नव्या वेतनश्रेणीत कंपनीने त्यांचे काम ‘अकुशल’ ठरवले, आणि त्या श्रेणीतल्या पुरुषाच्या वेतनाच्या ८५ टक्केच त्यांना देऊ केले.

७ जून १९६८ रोजी १८७ स्त्रियांनी यंत्रे थांबवली. सीटवाचून गाडी विकता येत नाही, हे मग व्यवस्थापनाच्या ध्यानात आले. तीन आठवड्यांनी मंत्री बार्बरा कासल यांच्या मध्यस्थीने वेतन पुरुषांच्या ९२ टक्क्यांवर आले, आणि १९७० साली ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला. हा भाग पाठ्यपुस्तकांतून येतो. पण संपकरी स्त्रियांची मूळ मागणी पैशापुरती नव्हती. आपले काम कुशल आहे हे मान्य व्हावे, ही होती. ती मान्य होण्यासाठी त्यांना आणखी एक संप करावा लागला, आणि साल उजाडले १९८४.

ज्या कामाला कारखाना कौशल्य मानत नव्हता, त्याची नोंद तो कशाला ठेवील? म्हणून उसवलेल्या आवरणाचे मोल. त्या हातांनी मागे ठेवलेला पुरावा बहुतेक वेळा तेवढाच असतो, आणि आज तेच काम नीट करून घ्यायचे तर जाणता कारागीर शोधत फिरावे लागते.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या ‘फिवा’ने, २०१२ साली ट्यूरिन सनद स्वीकारली. वास्तुजतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेचा विचार तिने मोटारींना लावला: आधी जतन, ते अशक्य असेल तेव्हाच पुनर्निर्मिती. दोन पक्ष तेव्हाही होते, आजही आहेत. एकाला गाडी शोरूममधून आत्ताच निघाल्यासारखी हवी असते, दुसऱ्याला चामड्यावरची प्रत्येक सुरकुती पवित्र वाटते. दुसऱ्याचा हट्टही कधीकधी टोकाला जातो. कुजून दारापासून सुटलेला, वास मारणारा पुठ्ठा तसाच ठेवण्यात कसले आले जतन? गाडी ही चालवायची वस्तू आहे, आणि तिच्यात माणसाला बसता आले पाहिजे.

सनदेच्याच विचाराला धरून जाणारी एक मधली वाट काही कारागीर चोखाळतात. जे आवरण स्वच्छ करून, मागून कापडाचे ठिगळ देऊन निभावेल ते बदलायचे नाही. जे बदलावेच लागेल ते उसवून, कोणत्या दाराचे, कोणत्या बाजूचे अशी चिठ्ठी लावून गाडीच्या कागदपत्रांबरोबर मालकाच्या हवाली करायचे. खडूचा आकडा असलेला पुठ्ठा कुजला असला तरी तेवढा तुकडा कापून ठेवायचा. आणि नवे पॅनेल दारावर बसवण्यापूर्वी त्याच्या पाठीवर, जिथे पुढचे आवरण उसवणाऱ्यालाच ते दिसेल अशा जागी, पेन्सिलीने तारीख आणि आपले नाव लिहायचे.