जोडीचा नियम

परवा माळा आवरताना जुना कॉम्प्युटर खाली काढला. आत रॅमच्या दोन पट्ट्या दिसल्या, एक 256 एमबीची आणि एक 512 ची. त्या पाहून जरा ओशाळल्यासारखं झालं.

2005 साली दुसरी पट्टी घ्यायला बाबांबरोबर लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. दुकानातले काका म्हणाले, "विजोड लावू नका, जोडीच घ्या. नाहीतर मशीन सुरूच होणार नाही." मी बाबांसमोरच त्यांना लबाड ठरवलं. घरी येऊन पट्टी बसवली, मशीन चालू झालं. मी जिंकलो!

पण काका खोटं बोलत नव्हते. 486 च्या काळात 30 पिनांची पट्टी एका वेळी 8 बिट द्यायची आणि प्रोसेसरला हवे असायचे 32. म्हणून चार सारख्या पट्ट्या एकदम लावायच्या. पुढे 72 पिनांची, 32 बिटांची पट्टी आली, तेव्हा एकीवर भागलं. मग 1993 मध्ये पेंटियम आला, त्याला 64 बिट लागत. पुन्हा दोन पट्ट्या आल्या. प्रत्येक आकड्याचा अर्धा भाग एकीत, अर्धा दुसरीत. एक बैल आणि एक खोंड जुंपून गाडी कशी चालणार? बहुतेक मशीनं खरंच अडून बसत.

नंतर 168 पिनांची डिम आली. ती एकटीच 64 बिट द्यायची, त्यामुळे सक्ती संपली. 2003 मध्ये इंटेलच्या 865 चिपसेटबरोबर जोडी परत आली, पण आता फक्त वेगासाठी. आमच्या मशीनमध्ये 2004 चा 915 चिपसेट होता. तो 256 ची मोठ्या पट्टीतल्या 256 शी जोडी जमवायचा आणि उरलेले 256 एकटे चालवायचा. थोडा वेग गेला, बाकी काही बिघडलं नाही.

म्हणजे काकांचा नियम खराच होता, फक्त त्याची मुदत संपली होती. गिऱ्हाइकांची अडलेली मशीनं सोडवतच ते तो शिकले असणार.

गेल्याच महिन्यात मी भाच्याला बजावलं, "मोबाईल पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नकोस." तो हसला. तो नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा, आताच्या लिथियमला उलट त्रासदायक. निदान त्याने मला लबाड तरी म्हटलं नाही.

असो. पट्ट्या पुसून पुन्हा आत बसवल्यात.