काडतुसाची मुडपलेली कड

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदी काडतूस मागे पडून धातूचे काडतूस रूढ झाले, तेव्हा गोळी, दारू आणि ठिणगी देणारी टोपी या तिन्ही वस्तू एका पितळी नळीत एकत्र आल्या. एका बारात या तिन्ही खर्ची पडत. नळी, जी सर्वांत महाग, ती मात्र बहुधा शाबूत राही, आणि म्हणूनच रिकामी नळी पुन्हा भरण्याचा उद्योग धातूच्या काडतुसापाठोपाठच सुरू झाला. १८६६ मध्ये ब्रिटनच्या एडवर्ड बॉक्सर यांनी टोपीची जी रचना सिद्ध केली, तिच्यात नळीच्या तळाशी मधोमध एकच छिद्र असल्याने जळालेली टोपी साध्या सळईने बाहेर ढकलता येई. पुढे हीच रचना अमेरिकेत रुजली.

१८७० च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांत बायसनची बेसुमार कत्तल करणारे शिकारी शार्प्स बनावटीच्या एकबारी रायफली वापरत आणि नळ्या मुक्कामावरच पुन्हा भरत. अशा रायफलीत प्रत्येक काडतूस हाताने घातले जाई आणि काळ्या दारूने नळी गच्च भरलेली असे. त्यामुळे कागदात गुंडाळलेली शिशाची गोळी नुसती दाबून बसवली तरी भागत असे.

ही सोय दोन कारणांनी संपली. नळीवजा मॅगझिन असलेल्या विंचेस्टरसारख्या रायफलींत काडतुसे एकामागे एक रांगेत राहत, आणि स्प्रिंगचा दाब व बाराचा धक्का यांमुळे गोळी नळीत आत सरके. त्यातच १८८० च्या दशकात धूरविरहित दारू आली. ती थोडक्या मात्रेत पुरत असल्याने जुन्या मोठ्या नळ्यांत गोळीखाली पोकळी राहू लागली आणि तिला खालून आधार उरला नाही. यावर उपाय म्हणून नळीच्या तोंडाची कड गोळीवरील आडव्या खाचेत मुडपण्याची रीत सार्वत्रिक झाली. हिलाच क्रिंप म्हणतात. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी स्थापन केलेल्या आयडियल कंपनीची अडकित्त्यासारखी हत्यारे गोळी बसवणे आणि कड मुडपणे ही दोन्ही कामे करत.

मोठ्या शिकारीच्या दुनळी रायफलींत अडचण उलट होती. १८९८ मध्ये बंदुका बनवणाऱ्या रिग्बी यांनी आणलेल्या ४५० नायट्रो एक्सप्रेस काडतुसाची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची. एक बार उडाला की बंदुकीच्या दुसऱ्या नळीतले काडतूस रायफलीसह मागे खेचले जाई, पण त्यातील जड गोळी जडत्वामुळे जागीच राहू पाही. इथे मुडपलेल्या कडेने गोळीला बाहेर येण्यापासून रोखायचे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात ०.४५० इंच व्यासाच्या रायफलींवर बंदी घातली, कारण त्यांची गोळी काढून चोरीच्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी वापरली जाईल अशी धास्ती होती. ४७० व ४६५ ही काडतुसे या बंदीतून पुढे आली.

१९४३ मध्ये फ्रेड हंटिंग्टन यांनी कॅलिफोर्नियात आरसीबीएस ही कंपनी सुरू केली, त्या काळापासून घरगुती दाबयंत्रात आट्यांनी बसवायच्या पोलादी डाय (साचे) सर्वत्र पसरल्या. क्रिंपिंग डायच्या आत ठरावीक उंचीवर एक उतरता खांदा असतो आणि नळीचे तोंड त्याला टेकले की कड आत वळते. म्हणजे डाय एका विशिष्ट लांबीच्या नळीसाठीच बेतलेली असते. जुन्या ४५-७०, ४५-९० आणि ४५-११० या काडतुसांतील पहिला आकडा इंचाच्या शतांशात गोळीचा ढोबळ व्यास, तर दुसरा काळ्या दारूचे ग्रेनमधील वजन दाखवतो. त्यांच्या नळ्या अनुक्रमे सुमारे २.१, २.४ आणि २.८७५ इंच लांब आहेत. लांब नळीच्या डायमध्ये आखूड नळी खांद्यापर्यंत पोचत नाही, म्हणून कारागीर डायचे खालचे तोंड लेथवर आखूड करून घेत. कडक पोलाद छिन्नीला दाद देत नसे, तेव्हा घासचाक लागे. इतके करूनही नळ्यांची लांबी एकसारखी कापलेली नसेल, तर लांब नळीची कड जास्त दबून तिच्या तोंडाखाली फुगवटा येई आणि ती रायफलीत शिरतच नसे, तर आखूड नळीची कड नाममात्रच वळे. त्यामुळे डायमधील सुधारणा आणि नळ्यांची काटछाट ही या धंद्यात नेहमी एकत्रच करावी लागली.