बिदे : शौचशुद्धीच्या जलधारेचा इतिहास

शौचानंतर किंवा गुप्तांगांच्या स्वच्छतेसाठी पाण्याचा वापर करता यावा म्हणून घडवलेल्या उपकरणाला ‘बिदे’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ तट्टू. घोड्यावर मांड टाकावी तसे दोन्ही बाजूंना पाय सोडून या भांड्यावर बसावे लागे, म्हणून हे नाव रूढ झाले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील उमरावांच्या घरांत आलेले बिदे हे न्हाणीघरातले नव्हे, तर खासगी दालनातले सामान होते : नक्षीदार लाकडी चौकटीत मधोमध आवळलेले चिनी मातीचे किंवा धातूचे भांडे बसवलेले असे आणि त्यात पाणी भरण्याचे व उपसण्याचे काम नोकरांकडे असे. पंधराव्या लुईच्या दरबारातील मादाम द पाँपादूर हिच्याकडेही बिदे होते. शतकाच्या मध्यास त्याला छोटी टाकी व हातपंप जोडला गेला, तेव्हा पाण्याची धार खालून वर उडू लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघर नळ येऊ लागल्यावर बिदे शयनगृहाजवळून स्नानगृहात गेले आणि नोकरांवाचून वापरता येऊ लागले. इटलीत १९७५ च्या सरकारी आदेशाने प्रत्येक निवासस्थानातील किमान एका स्नानगृहात ते असणे बंधनकारक झाले. फ्रान्समध्ये मात्र शॉवरचा प्रसार झाला, स्नानगृहे आक्रसली आणि बिदे मागे पडले.

जपानमध्ये ‘टोटो’ या कंपनीने १९६४ मध्ये रुग्णांसाठी बनवलेली, पाण्याची धार सोडणारी अमेरिकन शौचबैठक आयात केली. परंतु तिच्या पाण्याचे तापमान व धारेची दिशा बेभरवशाची होती. धार नेमकी कुठे लागावी हे ठरवण्यासाठी टोटोच्या अभियंत्यांनी शौचपात्रावर तार ताणून तीनशेहून अधिक कर्मचाऱ्यांकडून त्यावर खुणा करून घेतल्या आणि १९८० मध्ये आणलेल्या ‘वॉशलेट’ या स्वतःच्या बैठकीत धारेचा कोन ४३ अंश, तर पाण्याचे तापमान ३८ अंश सेल्सिअस ठेवले. एकाच बैठकीवर शौच व शुद्धी दोन्ही होत असल्याने बिदेसाठी वेगळी जागा लागेनाशी झाली.

महाराष्ट्रातील शौचालयांत टमरेलाच्या जागी आलेल्या, खटका दाबून वापरायच्या जेट स्प्रेने पाण्याची जुनी सवय कायम ठेवून केवळ साधन बदलले. जपानमधील वॉशलेटला मात्र कागदाला सरावलेल्या समाजाची सवयच पालटावी लागली.