रसायनीचे पात्र आणि माटुंग्याचे गणित

‘रिअॅक्टर’ म्हटले की मराठी माणसाला तारापूर आठवते. शाळेच्या पुस्तकाने ‘अभिक्रिया’ हा शब्द दिला, ‘अणुभट्टी’ही रूढ झाली, पण ज्या भांड्यात रोजची रासायनिक अभिक्रिया घडवायची, त्याला आपल्या भाषेत सर्वमान्य नाव मिळाले नाही. कारखान्यातला माणूस ‘रिअॅक्टर’ नाहीतर ‘व्हेसल’ म्हणून मोकळा होतो. मी येथे ‘पात्र’ म्हणणार आहे.

पनवेलला पात्रांची ओळख जुनी आहे. 1872 साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी येथे श्री धूतपापेश्वर ही औषधशाळा सुरू केली. आसव-अरिष्टे आंबवायची, भस्मांना पुटे द्यायची, म्हणजे एका भांड्यात ठरावीक काळ, ठरावीक उष्णतेत पदार्थाचे रूप पालटायचे. हे ज्ञान हाताचे होते, अनुभवाचे होते. त्याचे गणित व्हायला पुढे बराच काळ जावा लागला.

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग 1933 साली सुरू झाला आणि 1943 मध्ये माटुंग्याच्या आजच्या जागी आला. 1938 पासून त्याची धुरा डॉ. के. वेंकटरामन यांच्याकडे होती. ते रंगद्रव्यांचे रसायनज्ञ, आणि कृत्रिम रंगांच्या मुळाशी असते अॅनिलीन. हेच अॅनिलीन देशात मोठ्या प्रमाणावर करायचे, तर नुसते रसायनशास्त्र पुरत नाही, हे पुढे पनवेलच्या शेजारीच दिसणार होते.

का पुरत नाही? चार माणसांचा भात जमणाऱ्या हाताला लग्नातला हंडा जमत नाही, म्हणून. पात्राचा व्यास दहापट केला, उंचीही त्याच प्रमाणात वाढवली, तर आतला माल हजारपट होतो. ज्या पृष्ठभागातून उष्णता बाहेर जायची, तो मात्र शंभरपटच. मालाच्या मानाने थंडावा दहाव्या हिश्शावर येतो. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात शांतपणे होणारी अभिक्रिया कारखान्यात उसळते ती यामुळे.

या प्रश्नांचे स्वतंत्र शास्त्र झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ‘केमिकल रिअॅक्शन इंजिनिअरिंग’ या नावाने पहिली युरोपीय परिषद 1957 मध्ये अॅमस्टरडॅमला भरली. 1962 मध्ये ऑक्टेव्ह लेवेनस्पील यांचे त्याच नावाचे पाठ्यपुस्तक आले. केंब्रिजचे पीटर डॅंकवर्ट्‌स यांनी 1953 च्या निबंधात एक साधा वाटणारा प्रश्न विचारला होता: वाहत्या पात्रात शिरलेला प्रत्येक कण आत किती वेळ राहतो? सगळे सारखा वेळ थांबत नाहीत. काही लगेच निसटतात, काही कोपऱ्यात घोटाळतात. हेच डॅंकवर्ट्‌स युद्धात लंडनवर पडलेले न फुटलेले सुरुंग निकामी करत, आणि त्यासाठी त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला होता. वेळेची किंमत त्यांना वेगळी शिकवावी लागली नसावी!

त्यांच्याकडे पीएच.डी. करून डॉ. मनमोहन शर्मा 1964 साली माटुंग्याला प्राध्यापक म्हणून परतले, तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. एल. के. दोरायस्वामी 1954 पासून होते. दोघांनी मिळून 1984 मध्ये विषमावस्था अभिक्रियांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. शर्मांच्या हाताखाली तयार झालेल्यांत साताऱ्याच्या मसूरचे डॉ. ज्येष्ठराज जोशी आणि कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. गणपती यादव आहेत. ही परंपरा आपल्याला साधारण ठाऊक असते. जी ठाऊक नसते ती पाताळगंगेच्या काठची.

पनवेलहून रोह्याकडे जाताना सोमाटण्यानंतर रसायनी स्थानक लागते. नावच कारखान्याचे. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी 1960 च्या डिसेंबरात स्थापन झाली आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, येथे, तिचा कारखाना उभा राहिला. बेंझीनपासून नायट्रोबेंझीन, त्यापासून अॅनिलीन. ही पहिली पायरी म्हणजे विषमावस्था अभिक्रियेचा नमुनाच. बेंझीन आणि नायट्रिक-सल्फ्युरिक आम्लांचे मिश्रण तेल-पाण्यासारखे वेगळे राहतात. ढवळणी फिरते म्हणून ते भेटतात, आणि भेटताना प्रचंड उष्णता सुटते. ढवळणी बंद पडली की अभिक्रिया मंदावते. पात्र शांत दिसते. धोका तिथेच असतो, कारण दरम्यान माल आत येतच राहिला तर तो न भेटता साठतो, आणि कुणी घाईने ढवळणी पुन्हा सुरू केली की सगळा एकदम पेटून उठतो. अशा वेळी आधी माल तोडायचा, ढवळणीला घाईने हात लावायचा नाही. पुस्तकात यावर समीकरणे आहेत. रात्रपाळीच्या माणसाजवळ तापमापकाचा काटा आणि स्वतःची अक्कल असते.

1980 च्या दशकात जवळच पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना आला. तो उभारण्याचे काम पाहणारे मुकेश अंबानीही माटुंग्याचेच विद्यार्थी. रसायनीच्या सरकारी कारखान्याचे दिवस मात्र पालटले. 2017 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तेथील तोट्यातले विभाग बंद करण्यास मंजुरी दिली. वाचला तो एकच, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. तो इस्रोकडे द्यायचे ठरले. आपल्या रॉकेटांच्या ‘विकास’ इंजिनात इंधन जाळायला हेच द्रव्य लागते.

प्राध्यापकांचे निबंध ग्रंथालयांत आहेत, त्यांची चरित्रे होतात. पण पाळीची लॉगबुके, दर तासाला लिहिलेली तापमाने, मार्जिनमध्ये पेन्सिलीने केलेल्या सूचना यांना इतिहास मानायची आपल्याला सवय नाही. माझ्या मते माटुंग्याच्या गणिताची खरी परीक्षा त्याच पानांवर झाली. रसायनी, तळोजा, खोपोली परिसरातल्या कुणाच्या माळ्यावर अशी वही असेल, निवृत्त वडिलांनी हाताने काढलेली एखाद्या पात्राची आकृती असेल, तर यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नये. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांतले बरेच जण आज सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि कोणती खूण कशासाठी केली होती हे अजून त्यांना विचारता येते.