पत्त्यांच्या खेळातली पंचांची शाळा

आपल्या गोव्यात ‘पंच’ म्हटलं की दोन माणसं डोळ्यांसमोर येतात. एक पंचायतीतला आणि दुसरा मैदानावरचा. दोघांनाही शिव्या खायची सवय असावी लागते! तिसरे आपले स्पर्धांचे परीक्षक. भजनी स्पर्धेचा निकाल लागला की देवळाच्या पायरीवर बसून परीक्षकांच्या नावाने बोटं मोडणारी मंडळी आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. नाट्यस्पर्धेचंही तेच. पण या लोकांना निवाडा करायला शिकवतं कोण, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. गाणारा रियाज करतो, नट तालमी करतो. निवाडा करणाऱ्याची तालीम कुठे होते?

या प्रश्नाचं एक उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडलं. पत्त्यांच्या एका खेळात. मित्रहो, रमी किंवा तीन पत्ती नव्हे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ नावाचा हा अमेरिकन खेळ आहे. माझा भाचा बंगळूरला नोकरीला असतो, त्याला याचं वेड. चवथीला घरी आला की खोके भरून पत्ते बरोबर. आमच्या ताईला आधी वाटलं, पोरगा जुगाराला लागला. मग कळलं की तो खेळतो तर खेळतोच, वर त्या खेळाच्या स्पर्धांचा पंच होण्यासाठी परीक्षेचा अभ्यास करतो आहे. “मामा, तुम्ही नियमातलेच माणूस, जरा प्रश्न विचारा मला,” म्हणून त्याने नियमांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सरकारी नोकरीत नियम, परिपत्रकं आणि शुद्धिपत्रकं यांत आयुष्य गेलेल्या माणसाला आणखी काय हवं! तेव्हापासून या खेळाच्या पंचांचा इतिहास जमेल तसा वाचत आलो.

आधी खेळाविषयी थोडं. आपल्या शेजारच्या सावंतवाडीची गंजिफा आपल्याला ठाऊक आहे. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, म्हणजे एकूण १२०. नियम एकदा समजले की डोक्यात बसतात, आणि पत्ता फक्त आपली किंमत सांगतो. मॅजिकमध्ये प्रत्येक पत्त्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो. एक म्हणतो अमुक करा, दुसरा म्हणतो पहिल्याचं ऐकू नका, आणि तिसरा येऊन दोघांचेही अर्थ बदलतो. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने हा खेळ रचला आणि पीटर ॲडकिसन यांच्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या सिएटलजवळच्या छोट्या कंपनीने तो ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणला. पहिल्या संचात २९५ वेगवेगळे पत्ते होते. आज ती संख्या २५ हजारांच्या वर गेली आहे. कोणता पत्ता कोणत्या पत्त्यासमोर येईल आणि तेव्हा काय होईल, हे रचणाऱ्यालाही आधी सगळं सांगता येणं शक्य नाही.

सुरुवातीचे नियम तर फारच मोकळे होते. एकच पत्ता हवा तितक्या वेळा आपल्या गड्डीत घालता येई. इतकंच नव्हे, प्रत्येकाने एक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने तो घेऊन जायचा, अशीही तरतूद होती. म्हणजे आमच्या ताईची शंका अगदीच चूक नव्हती म्हणायची! स्पर्धा सुरू झाल्या तसं हे चालेना. १९९४ च्या सुरुवातीलाच कंपनीच्या स्पर्धा-संघटनेने, जी पुढे ‘डीसीआय’ म्हणून ओळखली गेली, काही पत्त्यांवर बंदी घातली. एका पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती आणि गड्डीत किमान साठ पत्ते, हे दंडकही तेव्हाचेच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिलवॉकीला पहिली जागतिक स्पर्धा झाली, फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्कला रोख बक्षिसांची ‘प्रो टूर’ सुरू झाली. पैसा आला की तंटा येतो आणि तंटा आला की पंच लागतो. हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको.

पण हे पंच आणायचे कुठून? फुटबॉलच्या पंचामागे शंभर-सव्वाशे वर्षांची परंपरा असते, संघटना असतात. इथे खेळच दोन-तीन वर्षांचा! उत्तर एकच होतं, खेळणाऱ्यांतूनच पंच घडवायचे. त्यासाठी पायऱ्या ठरल्या. पहिल्या पायरीचा पंच दुकानातली छोटी स्पर्धा सांभाळणार, वरच्या पायरीचे हजारोंचा मेळा सांभाळणार. पाच पायऱ्यांची ही शिडी २०१६ मध्ये तीन पायऱ्यांची केली गेली. आणि या सगळ्या पंचांना घडवण्याचं मुख्य साधन ठरलं ते म्हणजे त्यांच्या प्रादेशिक कॉन्फरन्स.

कॉन्फरन्स म्हटलं की आम्हा नोकरदारांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. सकाळी सही, मग उद्घाटन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण, जेवण, आणि दुपारी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. यांची रीत निराळी. एखाद्या शनिवारी-रविवारी, किंवा मोठ्या स्पर्धेला लागून एक दिवस काढून, त्या प्रदेशातले पंच एखाद्या सभागृहात जमतात. बाहेरून विद्वान बोलावला जात नाही. शिकवणारे त्यांच्यातलेच असतात. काल परीक्षा पास झालेला पोरगासुद्धा आपला एक विषय घेऊन उभा राहतो आणि त्याच्यापेक्षा जुनेजाणते समोर बसून ऐकतात. एका बाजूला नियमांचे गुंते सोडवणं चालू, एका बाजूला कोणाची पायरी चढण्याची परीक्षा चालू, तर एका कोपऱ्यात चक्क नाटक चालू! दोघांनी भांडणारे खेळाडू व्हायचं, तिसऱ्याने पंच म्हणून टेबलापाशी जायचं, आणि बाकीच्यांनी बघून सांगायचं की त्याचं काय बरोबर आलं, काय राहिलं. स्पर्धेतल्या कामाबद्दलही हे पंच एकमेकांविषयी लेखी अभिप्राय देत. नुसतं ‘छान’ असं लिहून भागत नसे, पुढच्या खेपेला काय सुधारायचं ते नेमकं लिहावं लागे.

शिकायचं असतं तरी काय? दोन गोष्टी. पहिली म्हणजे नियम. मूळ नियमांचं पुस्तक आज जवळजवळ ३०० पानांचं आहे. शिवाय पत्त्यावर छापलेला मजकूर अंतिम नसतोच. कंपनीने नंतर दुरुस्त केलेला मजकूर खरा धरायचा, म्हणजे आमच्या शुद्धिपत्रकासारखंच. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर ‘स्टॅक’ नावाची पद्धत आली. दोन खेळाडूंनी एकावर एक चाली केल्या तर आधी कोणती लागू करायची? टेबलावर फायली एकावर एक ठेवत जा आणि वरची आधी उचला, म्हणजे शेवटी केलेली चाल पहिल्यांदा लागू. हे भाच्याने मला समजावलं तेव्हा मी हसलो. कचेरीत तळाच्या फाईलचं काय होतं ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे!

दुसरी गोष्ट अधिक कठीण, आणि माझ्या मते सगळं सार तिथेच आहे. ती म्हणजे चूक आणि लबाडी यांतला फरक ओळखणं. या स्पर्धांच्या दंडसंहितेत चार पायऱ्या आहेत, ताकीद, डाव गमावणं, सामना गमावणं, आणि स्पर्धेतून बाद. कोणी चुकून एक पत्ता जास्त उचलला तर काय करायचं? पूर्वी उत्तर सरळ होतं, डाव गेला. नियम कडक, पंचाला डोकं चालवायला नको. पण हात घसरून दोन पत्ते एकत्र आलेल्या माणसाला आणि मुद्दाम उचलणाऱ्याला एकच शिक्षा होत होती. गेल्या दशकाच्या मध्याला हे बदललं. आता साधारणपणे ताकीद मिळते, आणि चुकणाऱ्याचे हातातले पत्ते प्रतिस्पर्ध्याला दाखवून जादा पत्ता कोणता काढायचा ते प्रतिस्पर्ध्यालाच निवडू देतात. किती साधी गोष्ट! नुकसान ज्याचं झालं त्याच्याच हाती भरपाई दिली.

मग लबाडाचं काय? नियम मोडला एवढ्यावरून कोणी लबाड ठरत नाही. त्यातून फायदा उकळण्याचा हेतू हवा, आणि आपण करतोय ते नियमाविरुद्ध आहे हे त्याला माहीत असायला हवं. हे सगळं जुळलं तर मात्र माफी नाही, थेट बाद. आता हेतू काही पत्त्यावर छापलेला नसतो. तो ओळखायचा म्हणजे दोघांना वेगवेगळं घेऊन शांतपणे प्रश्न विचारायचे, आवाज चढवायचा नाही, आणि मुख्य म्हणजे निर्णय आधी ठरवून प्रश्न विचारायचे नाहीत. हे ३०० पानं पाठ करून येत नाही. दुसऱ्याला करताना बघून, स्वतः करून आणि नंतर त्यावर चर्चा करूनच येतं. कॉन्फरन्स लागत होत्या त्या यासाठी. २०१५ मध्ये लास वेगासच्या एका स्पर्धेत साडेसात हजारांहून अधिक खेळाडू उतरले होते. एवढ्या गर्दीत एका टेबलावर एक न्याय आणि दहाव्या टेबलावर दुसरा, असं होऊ द्यायचं नसेल तर त्या पंचांनी आधी कुठेतरी एकत्र बसून डोकी जुळवलेली असावी लागतात.

हे सगळं करणाऱ्यांना मिळत काय होतं? कॉन्फरन्सला हजर राहिल्याबद्दल खास छापलेले चकचकीत पत्ते, जे दुकानात मिळत नसत. संग्राहकांत त्यांना मागणी होती, म्हणून त्यांना पैशांचं मोल होतं. पण पगार नव्हे. यातूनच पुढचा प्रश्न उभा राहिला. पंच हे हौशी स्वयंसेवक की कंपनीचे नोकर? २०१६ मध्ये काही पंचांनी कॅलिफोर्नियात कंपनीवर दावा लावला की आम्ही कर्मचारीच आहोत, आम्हाला वेतन द्या. ही कंपनी १९९९ पासून ‘हॅस्ब्रो’ या बड्या खेळणी-कंपनीच्या मालकीची, तेव्हा प्रश्न अगदीच गैर म्हणता येणार नाही. एवढा मोठा धंदा, आणि त्याची विश्वासार्हता सांभाळणारे मात्र फुकट राबणार?

२०१९ मध्ये कंपनीने पंचांच्या कारभारातून अंग काढून घेतलं. ऑक्टोबरपासून ‘जज ॲकॅडमी’ नावाची वेगळी खाजगी संस्था आली. आता पंचांनाच वार्षिक वर्गणी भरावी लागू लागली. पाठोपाठ करोना आला, स्पर्धाच बंद पडल्या. पुढे २०२३ मध्ये कंपनीशी असलेला करार पुढे चालू राहणार नाही हे स्पष्ट झालं आणि जज ॲकॅडमीनेही गाशा गुंडाळला. चार-पाच वर्षांत दोनदा डोक्यावरचं छप्पर उडालं म्हणा ना! एखादं सरकारी खातं असतं तर फायली कुठल्या कपाटात ठेवायच्या यावरच दोन वर्षं गेली असती. इथे पंचांनी स्वतःच संघटना उभ्या केल्या. अमेरिका आणि कॅनडासाठी ‘जज फाउंड्री’, इतर देशांसाठी वेगळ्या. परीक्षा आणि पायऱ्या पुन्हा लावल्या, कॉन्फरन्स पुन्हा भरवू लागले. हे जमलं कारण विद्या कंपनीच्या कपाटात नव्हतीच. ती माणसांकडे होती, आणि त्यांनी ती एकमेकांपासून घेतली होती.

या पंचांच्या सोबतीतून आणखी एक गोष्ट निघाली. दिवसभर दुसऱ्यांचे तंटे सोडवून थकलेले पंच रात्री स्वतःसाठी एक निराळा खेळ खेळत. चार जण बसायचे, बक्षीस नाही, घाई नाही. मूळ कल्पना अलास्कातली, पण शेल्डन मेनेरी या ज्येष्ठ पंचाने ती पंचमंडळींत रुजवली. २०११ मध्ये कंपनीने तिचे ‘कमांडर’ नावाने संच काढले आणि आज मॅजिक खेळण्याचा तो सर्वांत लोकप्रिय प्रकार आहे. त्याचे नियम अनेक वर्षं कंपनी नव्हे, तर एक स्वतंत्र समिती सांभाळत होती. मेनेरी २०२३ मध्ये वारले. सप्टेंबर २०२४ मध्ये समितीने चार पत्त्यांवर बंदी घातली, त्यातले काही फार महाग होते. ज्यांचे पैसे बुडाले त्यांतल्या काहींनी समितीच्या सदस्यांना धमक्यासुद्धा दिल्या. आठवडाभरात समितीने कारभार कंपनीकडे सोपवला. म्हणजे देवळाच्या पायरीवरची बोटं मोडणारी मंडळी सगळीकडे असतात, फक्त तिथे ती पायरीपुरती राहिली नाहीत. निवाडा करणाराच भीतीने उठून गेला तर मागे काय उरतं, याचा विचार त्यांनी केला नसावा.

असो. सांगायचा मुद्दा असा की पत्त्यांसारख्या फावल्या वेळच्या गोष्टीसाठी माणसं सुट्टीचा दिवस काढून न्याय कसा करावा हे एकमेकांना शिकवतात. आपल्याकडे भजनाच्या, घुमट आरतीच्या, नाटकांच्या स्पर्धा गावोगाव होतात. परीक्षक जाणकार असतात, यात शंका नाही. पण हंगाम सुरू होण्याआधी त्यांनी एक रविवार एकत्र बसावं, गेल्या वर्षीचे वादाचे निकाल समोर ठेवावेत, गुण का दिले आणि का कापले ते एकमेकांना सांगावं, नव्या दोन-चार मुलामुलींना शेजारी बसवून ऐकू द्यावं, असं काही कुठे घडल्याचं निदान माझ्या पाहण्यात नाही. याला निधी लागत नाही, दीपप्रज्वलन तर मुळीच लागत नाही. एखाद्या देवळाचा सभामंडप आणि दुपारचं साधं जेवण पुरे.