रम्नीच्या वाचनालयांतील एक नांव

दक्षिण वेल्समधील डोंगराळ खोऱ्यांत रम्नी नांवाचें एक लहान गांव आहे. लोखंडाच्या भट्ट्या आणि कोळशाच्या खाणी यांच्या आधारानें तें वाढलें. ते दोन्ही धंदे बुडाले, गांव मागें उरलें. या गांवच्या सार्वजनिक वाचनालयांत एक स्मृतिफलक लावण्यांत आला. त्यावर नांव कोणा सेनापतीचें किंवा धनिक देणगीदाराचें नाहीं. तें आहे इद्रिस डेव्हिस या खाणकामगार कवीचें.

इद्रिस इ. स. १९०५ मध्यें रम्नी येथेंच जन्मला. वडील खाणीचा पाळणा खालींवर करणारें यंत्र चालवीत. घरची भाषा वेल्श. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली व मुलगा खाणींत उतरला. तेथें एका अपघातांत त्याचें एक बोट गेलें. पुढें १९२६ च्या मे महिन्यांत ब्रिटनमध्यें सार्वत्रिक संप झाला. इतर धंद्यांतील कामगार नऊ दिवसांत कामावर परतले. खाणकामगारांनीं मात्र सुमारें सात महिने उपासमार सोसली आणि अखेर हार खाल्ली. इद्रिसची खाण बंद पडली, तो बेकार झाला. पण एका सोबती खाणकामगारानें त्यास शेले कवीची ओळख करून दिली होती. बेकारीचीं चार वर्षें त्यानें स्वतःच्या अभ्यासांत घालविलीं.

अशा मनुष्याचा गौरव ग्रंथालयानें करावा यांत विशेष औचित्य आहे. त्या खोऱ्यांतील वाचनालयें बहुतांशीं कामगारांनींच उभारिलीं होतीं. मजुरीच्या प्रत्येक पौंडामागें ठराविक अल्प रक्कम कापून देऊन त्यांनीं पुस्तकें घेतलीं, वाचनाच्या खोल्या बांधल्या. १९३४ च्या सुमारास दक्षिण वेल्समध्यें अशीं शंभराहून अधिक ग्रंथालयें होतीं. ज्यास पोटभर अन्नाची भ्रांत, त्यानें मजुरींतून पुस्तकासाठीं पैसा काढावा ही गोष्ट कोणत्याहि राजाच्या देणगीहून मोठी मानावी लागेल.

इद्रिस पुढें लफबरो व नॉटिंगहॅम येथें शिकून शिक्षक झाला आणि १९३२ पासून लंडनमध्यें शिकवूं लागला. गांवाचें दुःख त्यानें गांवापासून दूर राहून लिहिलें. ‘ग्वालिया डेझर्टा’ म्हणजे ‘उजाड वेल्स’, हें त्याचें पुस्तक १९३८ सालीं निघालें. संपावरील ‘दि अँग्री समर’ हें काव्य १९४३ मध्यें फेबर या प्रकाशनसंस्थेनें छापलें. टी. एस. एलियट तेथें संचालक होता. स्वतः दुर्बोध म्हणून गाजलेल्या या कवीनें इतक्या साध्या कवितेची किंमत ओळखली, हें नवल खरें. इद्रिसची रचना सर्वत्र सारखी नाहीं. कोठें कोठें सभेंतील वक्तृत्व काव्यावर मात करतें. पण जेथें तो भाकरी, पाऊस, चर्च आणि उधारीचें दुकान यांविषयीं बोलतो तेथें त्याला तोड नाहीं.

त्याची सर्वांत प्रसिद्ध कविता लंडनच्या एका बालगीताच्या चालीवर बेतलेली आहे. मूळ गीतांत शहरांतील चर्चच्या घंटा एकमेकींशीं बोलतात. इद्रिसनें त्यांच्या जागीं वेल्समधील गांवांच्या घंटा बोलक्या केल्या. कवि डिलन टॉमस यानें १९४६ मध्यें रेडिओवरील आपल्या भाषणांत ती घेतली. तें भाषण पुढें पुस्तकांत छापलें गेलें. अमेरिकन गायक पीट सीगर यानें तें वाचून १९५० नंतरच्या दशकांत कवितेस चाल लाविली, आणि १९६५ मध्यें ‘बर्ड्स’ या वाद्यवृंदानें तिची तबकडी काढली. गाणारे ‘रम्नी’चा उच्चार ‘रिम्नी’ असा करीत! गांवाचें नांव जगभर गेलें, तेंहि चुकीचें. कवीचें तर सुरांमागें झांकलें जावें हा गाण्यांचा नेहमींचाच न्याय.

१९४७ मध्यें इद्रिस त्या खोऱ्यांत शिक्षक म्हणून परतला. १९५३ च्या एप्रिलांत, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, कर्करोगानें त्याचा अंत झाला. खाणी मिटल्या तशीं कामगारांचीं ग्रंथालयेंहि मोडलीं. कित्येकांचीं पुस्तकें पांगलीं. जीं हातीं लागलीं त्यांचा संग्रह १९७३ पासून स्वान्सी येथें करण्यांत आला. इद्रिसचीं हस्तलिखितें अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. रम्नींत दुसरा फलक व्हिक्टोरिया रोडवर लावला गेला. त्याच रस्त्यावरील घरीं त्यानें शेवटचा श्वास घेतला होता.